जावईबापूंची स्तोत्रं

मऊ अंडं हवं असेल तर तेविसावं स्तोत्र चार वेळा म्हणायचं, कडक हवं असेल तर दहा वेळा. इस्त्री तापायला एक्कावन्नावं, तेही सावकाश. पावसाचा थेंब पडायच्या आत दोरीवरचे कपडे ओढायचे तर एकशे सतरावं; त्याला दोनच ओळी, पळता पळता उरकतं. आत्याच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कधीचं बंद पडलेलं. त्यामुळे आईविना आलेल्या या भाचीला वेळ कळायला लागली ती स्तोत्रांवरून. आत्या लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची आणि भाचीकडून बायबलातली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं घोकून घ्यायची. पोरगी खोटं बोलताना सापडली की शिक्षाही ठरलेली: इस्त्रीशेजारी उभं राहायचं आणि पश्चात्तापाचं एक्कावन्नावं म्हणायचं. “एका कामात दोन कामं,” आत्या म्हणायची. “इस्त्रीपण तापते आणि तूपण निवळतेस.”

पोरीला सगळे घोकी म्हणू लागले. तिला ते नाव चिकटलंच.

घोकी बावीस वर्षांची असताना लढाई सुरू झाली, आणि तिला टोप्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात बोलावणं आलं. तिथे एक चष्मेवाला गृहस्थ बसला होता. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला हेडमास्तर म्हणत. त्याने पलीकडच्या, म्हणजे शत्रूच्या भाषेतला एक कागद पुढे सरकवला. प्रत्येक तिसरं अक्षर गाळलेलं. घोकी ती भाषा शाळेत शिकली होती. तिने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि गाळलेली अक्षरं अशी भरून टाकली, जशी कुणी कपड्याला बटणं लावावीत.

“कसं जमलं?” हेडमास्तरांनी विचारलं.

“वाक्य अर्धं कानावर आलं की उरलेलं आपोआप तोंडात येतं. लहानपणची खोड आहे.”

“या खोडीवर आता सरकारचा हक्क,” हेडमास्तर म्हणाले, आणि तिच्याकडून शपथ घेतली. इथे काय चालतं ते आईबापांना, नवऱ्याला, पाळकालाही सांगायचं नाही. घरी सांगायचं की टोप्यांना आतून पट्ट्या चिकटवते.

“लढाईत एवढ्या टोप्या घालतंय कोण?” आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं. इस्त्री गरम होती, पण शिक्षा द्यायचं आत्याच्या लक्षात आलं नाही, म्हणून घोकीने मनातल्या मनात एक्कावन्नावं म्हणून टाकलं.

कारखान्यातल्या लांब खोलीत सहा बायका बसत. मागच्या फळ्यांवर टोप्या घडवायची लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती. घोकीच्या शेजारी एक शिंपीण बसायची, जिभेची तिखट आणि नजरेची त्याहून. “नीट काम कर गं,” ती घोकीला म्हणाली, “नाहीतर हेडमास्तर तुलापण त्या फळीवर ठेवतील. फरक कुणाला कळायचा नाही.”

काम असं: पलीकडचे निरोप तारेतून, हवेतून पकडून आणलेले असत, नुसती अक्षरांची खिचडी. पलीकडे कुणी कारकून रोज एक ओळ किल्ली म्हणून निवडायचा आणि त्या ओळीतल्या अक्षरांच्या हिशेबाने निरोपातलं एकेक अक्षर पुढे सरकवायचा. ओळ हाती लागली की निरोप उघडला. नियमाप्रमाणे ती ओळ बिनअर्थाची असायला हवी होती, म्हणजे कुणाला अंदाजच बांधता येणार नाही. पण दिवसाच्या पहिल्या निरोपात न चुकता हवामान असायचं. वारा, ढग, पाऊस हे शब्द कुठे बसतील ते ताडून उलटं गणित केलं की किल्लीतली चार-सहा अक्षरं निघत. बायका तेवढ्यावर दिवसभर डोकं आपटत.

तिसऱ्या आठवड्यात शिंपिणीने सहा अक्षरं काढून घोकीपुढे ठेवली. घोकीने ती पुटपुटली, आणि उरलेली ओळ तिच्या तोंडात येऊन पुरी झाली. भाषा पलीकडची, पण ओळ आत्याच्या घरातली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हा माणूस स्तोत्रं म्हणतोय.”

मग एकेक उलगडत गेलं. पलीकडच्या कारकुनाला बिनअर्थाच्या ओळी रचायचा कंटाळा असावा, किंवा त्याच्या जिवाला तो उद्योग पटत नसावा. तो आपल्या सकाळच्या वाचनातली ओळ उचलायचा. रोज एक स्तोत्र, क्रमाने, आणि त्यातली मनाला लागेल ती ओळ. घोकीला दोन-तीन अक्षरं मिळाली तरी पुरत. सहा बायकांचं दिवसाचं काम ती सकाळच्या चहाआधी हातावेगळं करू लागली.

“दोघांचं बरं जुळलंय,” शिंपीण म्हणाली. “आज काय म्हणतात गं आमचे जावईबापू?”

झालं. तेव्हापासून पलीकडच्या त्या न पाहिलेल्या माणसाला अख्खी खोली जावईबापू म्हणू लागली. एका वसंतात जावईबापूंनी क्रम सोडला. अकरा दिवस आजारपणातली, अंथरुणावरून हाक मारणारी स्तोत्रं येत राहिली, एकच अडतिसावं तर चार वेळा. खोलीतली थट्टा हळूहळू थांबली. घोकीच्या मनाने घेतलं की मूल आजारी आहे. का, ते तिला सांगता आलं नसतं. बाराव्या दिवशी जीव वाचल्याबद्दल आभार मानणारी ओळ निघाली, आणि घोकीने पेन्सिल खाली ठेवली. “बरं झालं एकदाचं!” ती मोठ्याने म्हणाली.

“कोण बरं झालं?” हेडमास्तरांनी दारातून विचारलं.

“हवामान,” शिंपीण म्हणाली.

आता दुसऱ्या, खऱ्या जावईबापूंचं सांगायला हवं. हा घड्याळजी. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात घोकी पुढे वरच्या सुरात उभी राहायची आणि तो मागे, खालचा सूर धरून. डाव्या करंगळीचं टोक लहानपणी एका स्प्रिंगने उडवलेलं. कामात असला की गुणगुणायचा, पण गुणगुणायचा तेही फक्त आपला खालचा सूर. चार सुरांत जे गाणं गोड वाटे, त्याचा नुसता हा तळ ऐकला की वाटायचं, माणूस बेसूर आहे. गायन चुकलं की तो हसायचा तेव्हा आधी कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. घोकीने ते पाठ करून ठेवलं होतं.

त्याने आत्याच्या भिंतीवरचं मेलेलं घड्याळ दुरुस्त करायला म्हणून उतरवलं, आणि सात महिने दर शनिवारी येऊन ते उघडायचा, बघायचा, बंद करायचा.

“एक भाग कमी पडतोय, आत्याबाई.”

“पंधरा-पंधरा दिवस भाग आणायला म्हणून गावाबाहेर जाता ना हो तुम्ही? एवढ्या भागांत तर मी तुमच्यासारखे दोन घड्याळजी जुळवले असते.”

त्याच्या पाळ्या लाल झाल्या. घोकी खाली बघून इस्त्री करत राहिली. तो कुठे जातो हे तिने कधी विचारलं नाही, कारण मग त्याने टोप्यांबद्दल विचारलं असतं. एका रविवारी देवळाबाहेर त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हाही दोघं एकमेकांकडे सरळ बघू शकली नाहीत. “या खेपेहून आलो की,” तो म्हणाला. “तुम्ही थांबाल ना?” घोकी हो म्हणाली आणि दोघांच्या मध्ये, त्या पायरीवर, दोन खोट्या गोष्टी मुकाट्याने बसून राहिल्या.

तो गेल्यावर आठव्या दिवशी, बुधवारी, नेहमीसारखा निरोप उघडला. हवामान झालं, मालगाड्या झाल्या, आणि खाली तीन ओळी. हेर ओळखला गेला आहे. घड्याळ दुरुस्तीच्या मिषाने फिरतो. डाव्या करंगळीचं टोक नाही. काम करताना बेसूर गुणगुणतो. उद्या दुपारी तीन वाजता ठरल्या जागी पकडावा. जागा उद्या सकाळी कळवू.

घोकीच्या हातातली पेन्सिल कागदावर तशीच उभी राहिली. ‘बेसूर’ या शब्दाचा तिला आधी राग आला. बेसूर नाही हो, खालचा सूर आहे तो, असं त्या कागदाला सांगावंसं वाटलं. आणि मग तिने पुन्हा वाचलं: उद्या दुपारी तीन.

खोलीचा एक कडक नियम होता. निरोपात आपलं माणूस निघालं तर टेबलावरून उठायचं. जीव गुंतला की डोकं चालत नाही, असं हेडमास्तरांचं गणित. घोकी उठली नाही. कागद पुढे दिला, पण माणूस आपला आहे हे सांगितलं नाही. जावईबापूंची ओळ तिच्याइतक्या लवकर दुसऱ्या कुणाला सापडणार नव्हती, हे तिला माहीत होतं.

हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला. “हा आपलाच माणूस,” ते म्हणाले. “उद्या दुपारी रेडिओवर एकच्या गाण्याच्या कार्यक्रमात एक ठरलेली धून वाजवली की आपली माणसं त्या दिवसाचं काम सोडून पसार होतात. पण धून सगळ्यांसाठी असते. पलीकडे आपले नऊ जण आहेत. जागा कळल्याशिवाय वाजवली आणि हा नेमका त्या सापळ्यातच लपायला गेला तर? जागा हवी. साडेबाराच्या आत.”

गुरुवारी सकाळी आठला निरोप आला. एकच, आखूड. आणि त्यात हवामानच नव्हतं.

म्हणजे ताडायला काही नाही. आदल्या दिवशी चौऱ्याण्णवावं होतं, तेव्हा बायकांनी पंच्याण्णवाव्यातली ओळ न् ओळ लावून पाहिली. एक ओळ लावून बघायला पाच मिनिटं. खिचडीची खिचडीच राहिली. शहाण्णवावं. तीच गत. दीडशे स्तोत्रांत अडीच हजारांच्या आसपास ओळी, आणि साडेबाराला उरले साडेतीन तास.

“क्रम सोडलाय त्यांनी,” शिंपीण म्हणाली. “मागच्यासारखं घरात काही झालंय का बघ गं. तू ओळखतेस त्यांना.”

घोकीने आजारपणाची सगळी काढली. नाही. मग जीव घट्ट करून, मूल गेलं असेल असं धरून, शोकाची काढली. अंधारात टाकून दिल्यागत रडणारं अठ्ठ्याऐंशीवं तिने स्वतः लावलं, ओळीमागून ओळ. एकीकडे वाटत होतं की जुळू दे, आणि एकीकडे, देवा, हे नको जुळू देऊ. ते जुळलं नाही. साडेअकरा वाजले. सहा पेन्सिलींची टोकं झिजली होती आणि हेडमास्तर खिडकीशी पाठ करून उभे होते.

घोकीने डोळे मिटले. प्रार्थना करायला गेली तर शब्द येईनात. काय मागायचं? काल नियम मोडला. त्याआधी वर्षभर आत्याशी खोटं. देवळाच्या पायरीवर खोटं. अशा तोंडाने देवाकडे जायचं तर आधी इस्त्रीशेजारी उभं राहायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि सवयीने ओठ एक्कावन्नावं म्हणू लागले. ते संपत आलं तशी ती थबकली.

सकाळभर ती जावईबापूंच्या घरात डोकावत होती: कोण आजारी, कोण गेलं. त्यांच्या टेबलावर काय होतं, ते तिने पाहिलंच नव्हतं. कालच्या तीन ओळी त्यांनीच अक्षर न् अक्षर लिहिल्या होत्या. आजची जागाही त्यांच्याच हातून जायची होती. गुणगुणणारा एक माणूस तीन वाजता पकडला जाईल आणि मग भिंतीशी उभा केला जाईल, हे सगळ्यांत आधी कळलं होतं ते त्यांना. पोर वाचल्याचे आभार जो किल्लीत ठेवतो, तो आज सकाळचं वाचन अशा कामाला कसं लावेल?

“एक्कावन्न,” घोकी म्हणाली. “शेवटाकडची ओळ. चौदावी.”

“इतकी नेमकी?” शिंपिणीने विचारलं.

सांडलेल्या रक्ताच्या दोषातून मला सोडव, असं मागणारी ती ओळ. घोकीने पलीकडच्या भाषेत ती वर लिहिली आणि खाली अक्षरं मागे सरकवायला लागली. पहिला शब्द निघाला: घंटाघर. मग: घड्याळाची खोली, मागचा जिना. तिथे शिंपिणीने तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पुढचं तिने लिहिलं.

हेडमास्तर कागद घेऊन उभेच राहिले. “सापळा फक्त घंटाघरात, लपायच्या जागी नाही. म्हणजे धून वाजवायला हरकत नाही,” ते सावकाश म्हणाले. “पण जागा आजच कळवली आणि आजच तो आला नाही, तर पलीकडे विचारतील की बातमी फुटली कुठून. किल्ल्या तपासतील. ही स्तोत्रं आपल्याला पुन्हा मिळायची नाहीत. आणि ज्याने ती वापरली त्याला...” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. घोकीच्या तोंडात उरलेलं वाक्य आलं. तिने ते गिळलं.

तिने सांगितलं असतं की धून वाजवा, तो माझा आहे, तर नियमाने तिचा शब्द मोजला गेला नसता. न सांगता गप्प बसावं, तर एका माणसाला वाचवताना दुसऱ्याला ढकलण्यात आपला हात आहे हे तिला चांगलं समजत होतं. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नऊ जणांतला एक आहे तो,” ते म्हणाले. “मी मोजून पाठवलेत. मोजूनच परत आणायचेत.” आणि ते टेलिफोनच्या खोलीत गेले.

एक वाजता खोलीतल्या रेडिओवर एक साधीशी धून लागली, बासरीवर. ती संपल्यावर घोकी हेडमास्तरांपुढे जाऊन उभी राहिली आणि काल नियम मोडल्याचं सांगितलं.

“कळलं होतं मला,” ते म्हणाले. “काल कागद देताना तू पेन्सिल उलटी धरली होतीस. उठवलं असतं तर आजची ओळ कुणी काढली असती? माझाही नियम मोडलाच की.”

शुक्रवारी सकाळी आलेल्या निरोपाची किल्ली बिनअर्थाची होती, नियमात बसणारी. शनिवारीही तशीच. सोमवारी शिंपिणीने घोकीच्या खांद्यावर हात ठेवला. “गेले गं तुझे जावईबापू,” ती म्हणाली, आणि त्यात थट्टा नव्हती.

घड्याळजी सव्वा महिन्याने आला. निम्मा झालेला, दाढी वाढलेली. आत्याने त्याला बसवलं, खायला घातलं, आणि मग म्हणाली, “सापडला का तुमचा तो भाग?” त्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि दहा मिनिटांत चालू करून दिलं. आत्याने घोकीकडे पाहिलं, घोकीने घड्याळाकडे. पुढच्याच महिन्यात लग्न झालं.

लग्नाच्या जेवणात शिंपीण जरा भावनेत आली आणि घोकीच्या कानाशी म्हणाली, “त्या जावईबापूंना विसरू नकोस हो.” ती कानाशी म्हणाली खरी, पण शिंपिणीचं कुजबुजणं चार टेबलांवर ऐकू जायचं.

घड्याळजीने ऐकलं. विचारलं मात्र नाही. पुढे लढाई संपली, दुकान झालं, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, आत्या गेली. रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना व्हायची. घोकी सगळ्यांची नावं घ्यायची आणि ‘आमेन’च्या आधी थोडं थांबायची, एक श्वासभर. त्या श्वासात तिचे ओठ हलायचे. घड्याळजीला लहानसहान खंड ऐकायची सवय. तो खंड एकेचाळीस वर्षं त्याने रोज मोजला.

मग एक दिवस सरकारचं पत्र आलं. टोपी कारखान्याची शपथ सुटली. आता घरच्यांना सांगायला हरकत नाही. सकाळची वेळ होती. घोकीने अंडी उकळत्या पाण्यात सोडली होती, तेविसावं दुसऱ्यांदा चाललं होतं. पत्र वाचून ती खुर्चीवर बसली.

“अहो, मी टोप्यांना पट्ट्या नव्हते चिकटवत.”

“तेवढं आत्याबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं,” घड्याळजी म्हणाला. मग त्याने हातातलं मनगटी घड्याळ आणि डोळ्यावरचं भिंग दोन्ही खाली ठेवलं. “जावईबापू कोण?”

“तुम्ही ऐकलं होतंत?”

“तुझ्या त्या मैत्रिणीचा आवाज? अगं, बाहेरच्या घोड्यांनी ऐकला असेल. एकेचाळीस वर्षं रोज जेवणाआधी तू कुणासाठी थांबतेस? मी विचारलं नाही. म्हटलं, मीही तेव्हा तुला खरं सांगितलं नव्हतं, तर मला कुठला हक्क? पण रोज ना गं. रोज. चांगला भरल्या घरात बसून मी त्या माणसाचा हेवा करत आलोय.”

तिने सांगितलं. आत्याच्या इस्त्रीपासून सुरू केलं आणि बासरीच्या धुनेपर्यंत आली. ‘बेसूर’ शब्द आला तेव्हा त्याच्या पाळ्या लाल झाल्या, अजूनही. घंटाघराचं ऐकल्यावर तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

“मी मागच्या जिन्याच्या तोंडाशी होतो,” तो म्हणाला. “समोर पावाचं दुकान होतं, त्यांचा रेडिओ चालू. तीनला वेळ होता, पण म्हटलं आधीच वर जाऊन बसावं. एक पाय पायरीवर टाकला होता.”

तो परत खुर्चीवर बसला.

“त्या कारकुनाने मुद्दाम केलं असेल का गं?” त्याने विचारलं. “तुम्हाला सापडावं म्हणून?”

“माहीत नाही. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, त्या बिचाऱ्याने फक्त क्षमा मागितली, आणि आम्ही त्याच्या प्रार्थनेला चोरून कान लावले. त्याचं पुढे काय केलं असेल त्यांनी, तेही माहीत नाही. नाव माहीत नाही, म्हणून देवापुढे थांबते. देव भरून घेत असेल.”

“आणि मूल? ते बरं झालं होतं ना?”

“त्या वसंतात तरी झालं होतं.”

अंडी दगडासारखी झाली होती. घड्याळजीने ती मीठ लावून मुकाट्याने खाल्ली, दोन्ही.

संध्याकाळी घोकीने प्रार्थना सुरू केली. मुली, जावई, नातवंडं, शिंपिणीचे गुडघे. नेहमीच्या जागी ती थांबली. तेवढ्यात शेजारून घसा खाकरल्याचा आवाज आला. घड्याळजी कधी मोठ्याने प्रार्थना करत नसे. गाण्यातल्या खालच्या सुराचा माणूस, शब्द पुढे न्यायचे ते दुसऱ्यांनी.

“आणि आमचे थोरले जावईबापू,” तो म्हणाला. “प्रभू, तो जिथे असेल तिथे... त्याच्या माथी माझं रक्त नाही, एवढं त्याला कळव.”

‘आमेन’ही त्यानेच म्हटलं.